आपल्याच माणसांपासून आडोसा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की आमच्या गोव्यातल्या मूळ घरी दोन गोष्टी मागे उरतात: माटोळीवर, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीवर, सुकत चाललेले आंबाड्यांचे घोस आणि एखादं भांडण. आजवरची भांडणं वर्गणीवरून झाली, माडीच्या गळतीवरून झाली, एकदा तर खतखत्यात तिरफळं कुणी विसरली यावरून झालं. यंदाचं फोटोवरून झालं. बंगळुरूहून आलेला चुलतभावाचा मुलगा आणि त्याची बायको यांनी गाडीतून उतरता उतरताच सांगितलं, बाळाचे फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकू नका. बाळ साडेतीन महिन्यांचं. आमच्या धाकट्या काकांनी, वय वर्षं ८१, पडवीत फोन वर धरलेलाच होता. त्यांनी तो खाली घेतला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि पुढचा दीड दिवस त्या बाळाकडे वळून पाहिलं नाही. विसर्जनाला निघताना मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्याच रक्ताचं पोर, आणि परके ठरलो आम्ही."

त्या दिवसापासून हा वाद मी ठिकठिकाणी ऐकतो आहे. गावच्या वाचनालयात, लग्नाच्या पंगतीत, एकदा फोंड्याच्या बसस्टँडवर दोन अनोळखी बायकांच्या तोंडून. सगळीकडे तो सारख्याच वाईट पद्धतीने घातला जातो. एक बाजू म्हणते की फोटो म्हणजे आता डेटा, तो कंपनीच्या घशात जातो, कुणीतरी चेहरा उचलून भलत्याच धडाला चिकटवतो, तेव्हा काहीच टाकू नका. दुसरी बाजू म्हणते की ग्रुप घरचाच आहे, बाहेरचं कुत्रंही आत नाही, शिवाय व्हॉट्सॲपला कुलूप असतंच, मग भ्यायचं कुणाला? दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण दोघींच्या नजरेसमोर एकच माणूस असतो: बाहेरचा. पहिली म्हणते तो आत येतो, दुसरी म्हणते येत नाही.

माझं म्हणणं असं की हा वाद चुकीच्या दारावर उभा राहून चालला आहे. कुटुंबाचं खाजगीपण ही एक गोष्ट आणि कुटुंबातल्या माणसाचं खाजगीपण ही दुसरी. पहिल्याला कुलूप पुरतं. दुसऱ्याला कुलूप काही करू शकत नाही, कारण ज्यांच्यापासून आडोसा हवा असतो ते कुलपाच्या आतच बसलेले असतात. ग्रुप मोडावेत असं मी म्हणत नाही, उलट ते टिकावेत असं मला वाटतं. पण फोटो ज्याचा आहे त्याला विचारल्याशिवाय तो ग्रुपवर जाऊ नये, आणि 'ज्याचा आहे' म्हणजे ज्याने काढला त्याचा नव्हे, ज्याच्या घरात काढला त्याचाही नव्हे, तर ज्याचा चेहरा त्यात आहे त्याचा.

तंत्राचं आधी उरकून टाकतो, कारण तिथे वादाला फारशी जागा नाही. व्हॉट्सॲपवरचा मजकूर एप्रिल २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो. वाटेत तो कुणाला, कंपनीलाही, वाचता येत नाही. हे खरं आहे, आणि भीती घालणाऱ्यांनी ते मान्य करायला हवं. पण कुलूप वाटेला असतं, मुक्कामाला नसतं. फोटो पोचला की तो समोरच्याच्या फोनच्या गॅलरीत उतरतो, तिथून त्याच्या क्लाउडवर चढतो, तिथलं यंत्र चेहरे ओळखून त्यांचे गठ्ठे बांधतं, आणि संध्याकाळी तोच फोटो त्याच्या स्टेटसला लागतो. एका ग्रुपमध्ये आता १,०२४ माणसं मावतात. आमच्या कुलाच्या ग्रुपवर १४३ आहेत. या १४३ जणांपैकी निम्म्यांना मी रस्त्यात ओळखणार नाही आणि ते मला ओळखणार नाहीत. याला घर म्हणायचं की जत्रेचा मांडव?

मग आपल्याला फक्त बाहेरचाच माणूस का दिसतो? मला वाटतं याचं उत्तर गोव्याच्या इतिहासात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत देवळं पडू लागली तेव्हा आपल्या पूर्वजांनी देव उचलले. मंगेश कुठ्ठाळीहून झुवारी ओलांडून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. त्या वाटचालीत जे टिकलं ते आपल्या माणसांनी तोंड बंद ठेवलं म्हणून टिकलं. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात इथे वृत्तपत्रांवर तर सेन्सॉर होताच, पण साध्या लग्नपत्रिकेचा मजकूरदेखील छापण्याआधी त्याच्या नजरेखालून जावा लागे. मुलीच्या लग्नाला कुणाला बोलावता, कोणत्या शब्दांत बोलावता, हे सरकार वाचणार. १९५५च्या गोवामुक्ती सत्याग्रहानंतर सीमा बंद झाली. गिरगावातला भाऊ आणि फोंड्यातली बहीण यांच्यामध्ये १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत बहुतेक करून पत्रंच, आणि लिहिणाऱ्याला धास्ती की हे तिसरा कुणी फोडून वाचेल. अशा पिढ्यांनी खाजगीपणाचा अर्थ काय शिकावा? बाहेरच्याला कळता कामा नये, एवढाच. आतल्या माणसापासून काही झाकायचं असतं ही कल्पनाच त्या काळात चैन वाटली असणार. वेढ्यात सापडलेल्या घरात कुणी वेगळी खोली मागत नाही.

तो वेढा उठून ६० वर्षं होऊन गेली. सवय उठलेली नाही.

आता दुसऱ्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं. हे ग्रुप जे करतात ते दुसरं कुणीच करत नाही, आणि हे मी अनुभवाने सांगतो. तीन वर्षांपूर्वी माडीवरच्या लाकडी पेटीत एक फोटो सापडला. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, एका कोपऱ्याला बुरशी, दुसऱ्या कोपऱ्यावर कसरीने काढलेली नक्षी. एका लग्नातली १४ माणसं. त्यांतली पाच आम्ही ओळखली, नऊ नाही. मोबाइलने फोटो काढून ग्रुपवर टाकला. पहिला दिवस नमस्काराचे हात आणि फुलं येण्यात गेला. दुसऱ्या दिवशी बेळगावच्या एका आतेने, वय ८८, नातवाकरवी आवाजी निरोप पाठवला. मागच्या रांगेत उजवीकडचा तो अमक्याचा थोरला, आणि त्याच्या अंगावरचा कोट त्याचा नव्हे, फोटो काढणाऱ्याचा आहे, त्याच्याकडे एकच होता आणि तो सगळ्यांना पाळीपाळीने घालायचा, नीट बघा, बाह्या किती लांब आहेत. आम्ही फोटो मोठा करून पाहिला. बोटांची टोकं तेवढी बाहेर.

मग तिने खालच्या रांगेत बसलेल्या एका बाईचं नाव सांगितलं. ही बाई आम्हाला फक्त 'बाबल्याची बायल' म्हणून ठाऊक होती. तिचं माहेरचं नाव, माहेरचं गाव, ती ओव्या रचायची हे, आणि तिच्या नाकातली नथ पुढे कुणाच्या लग्नासाठी मोडली हेसुद्धा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आमच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या असतील, पण त्या वह्या पुरुषांमागून पुरुष अशा चालतात. देवळाच्या महाजनांची, म्हणजे वंशपरंपरागत मानकऱ्यांची, नोंदवही तशीच. गावकारीची झोणही, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातला वाटाही, गावकाराच्या मुलग्याच्याच हातात पडे. इतक्या वह्यांनी जिला नाव दिलं नाही तिला एका फोनवरच्या ग्रुपने चार मिनिटांच्या निरोपात नाव दिलं. २०२० च्या चवथीला अर्धं घर येऊ शकलं नाही, तेव्हा मस्कतच्या आणि दुबईच्या पोरांनी आरती फोनवरच पाहिली, हेही मी विसरलेलो नाही. ज्यांना हे ग्रुप म्हणजे नुसती 'शुभ सकाळ'ची रद्दी वाटते त्यांच्याशी माझं जमत नाही. रद्दी आहेच. पण रद्दीच्या त्याच ढिगात ती बाई सापडली.

आणि त्याच ग्रुपवर मी माझ्या आईशी जे वागलो तेही सांगायला हवं. आईचे तरुणपणातले फोटो एकूण चार. चारही स्टुडिओतले, चारही वेळी ती तयारी करून गेलेली. केसांत अबोली-जाईचा वळेसर माळल्याशिवाय तिने कधी कॅमेऱ्यासमोर मान वर केली नाही. आम्ही लहान असताना बाबा मागून हळूच फोटो काढायचा प्रयत्न करीत, तर ती पदराने तोंड झाके. दोन वर्षांपूर्वी ती इस्पितळात होती. सहाव्या दिवशी ती पहिल्यांदा उशीला टेकून बसली. मला कोण आनंद झाला. मी फोटो काढला आणि कुलाच्या ग्रुपवर टाकला: आई आज बसली. हातात सलाईनची सुई, अंगात इस्पितळाचा हिरवा झगा, केस विस्कटलेले. तासाभरात नव्वदेक निरोप आले. कुणाचंच काही वाईट नव्हतं. एका भाच्याने भरल्या मनाने तो स्टेटसला लावला, दुसऱ्याने शेजारच्या ग्रुपवर नेला.

महिन्याने घरी आल्यावर समोरची शेजारीण भेटायला आली आणि कौतुकाने म्हणाली, किती सुधारलात, तेव्हा बघा कशा होता, आणि फोन पुढे केला. आईने तो बराच वेळ हातात धरला. शेजारीण गेल्यावर तिने मला एवढंच विचारलं, "कोणाक विचारिल्लें तुवें?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणजे चार होती आणि चारही निरुपयोगी. घरचाच ग्रुप आहे. सगळे काळजीत होते. मी तुझा मुलगा आहे. चांगल्या मनाने केलं. यातलं एकही खोटं नाही, आणि यातल्या एकातही ती कुठे नाही. कुठल्या चोराने तो फोटो पळवला नव्हता, कुठल्या कंपनीने विकला नव्हता. कुलूप शाबूत होतं. जे काही झालं ते आपल्या माणसांनी, प्रेमाने केलं होतं.

इथे एक फरक लक्षात घ्यावा लागतो, आणि दोन्ही बाजू तो घेत नाहीत. पूर्वी आपण फोटो दाखवत होतो. आता देतो. अल्बम कपाटातून काढला जाई, पाहुणा सोप्यावर बसलेला असे, पानं उलटणारा हात घरच्याचा असे. नको ते पान दोन पानं एकदम उलटून टाळता येई. बघणारा बघून जाई आणि अल्बम परत कपाटात. ग्रुपवर मात्र दाखवणं म्हणून काही उरलेलंच नाही. दाखवायला म्हणून पुढे केलेली वस्तू १४३ जणांच्या मालकीची होऊन बसते, आणि त्यांच्यापैकी कुणी मेला तर त्याच्या वारसांच्याही. काकांना वाटत होतं की त्यांना बाळ बघू देत नाहीत. प्रत्यक्षात त्यांना बाळाचा फोटो वाटू देत नव्हते. सूनबाई शहाणी निघाली. निघायच्या दिवशी तिने बाळ काकांच्या मांडीवर ठेवलं आणि काकांच्याच फोनवर फोटो काढून दिला. "हा तुमचा, काका. कुणालाही दाखवा, फक्त पाठवू नका." आता काका देवळाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन दाखवतात. पोराची कीर्ती निम्म्या तालुक्यात झाली आहे, आणि फोटो एकच आहे.

पण याने काकांचा मूळ आक्षेप संपत नाही, आणि तो किरकोळ नाही. ते म्हणतात, विचारून करायचं ते परक्यांत. आपल्यात विचारणं हाच अपमान. ही तुमची परवानगी-बिरवानगी सगळी शहरातून, नाहीतर थेट विलायतेतून आलेली. आपल्या घरात ताट कुणाचं हे विचारत नसत, फोटो कुणाचा हे कधी विचारणार?

ही कल्पना विलायतेतून आली असं म्हणायला थोडा आधार आहेच. १८८८ साली कोडॅकने कुणालाही वापरता येईल असा हातातला कॅमेरा बाजारात आणला, आणि दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी खाजगीपणाच्या हक्कावर तो प्रसिद्ध लेख लिहिला. झटपट निघणारे फोटो ही त्यांच्या तक्रारीतली एक मुख्य बाब होती. पण त्यांचं भांडण वर्तमानपत्रांशी होतं, म्हणजे पुन्हा बाहेरच्यांशीच. आतल्या माणसापासून आडोसा कसा द्यायचा हे शिकायला मला तिकडे जावं लागत नाही. आमच्याच घरात बाळंतिणीची खोली होती. राजांगणाभोवती ३० माणसं नांदत होती, पण त्या एका खोलीत सोयर फिटेपर्यंत कुणीही उठून जात नसे. आजोबाही नाही, घरचा कारभारी असला तरी. बाराव्या दिवशी बारसं, तेव्हा मूल सगळ्यांना दिसणार. आपण त्याला विटाळ म्हटलं, दृष्ट म्हटलं, आणि त्यात बायकांना बाजूला टाकण्याचा भाग होता हे मी नाकारत नाही. पण त्याबरोबरच थकलेल्या बाईला आणि नव्या जिवाला घरच्यांच्याच नजरेपासून ११ दिवस मिळत होते. बंगळुरूच्या पोरांनी मागितलं ते याहून वेगळं काय आहे?

आणि विचारण्यात अपमान असतो हे गोव्यातल्या माणसाने म्हणावं? आपण लग्न ठरवताना देवीला प्रसाद लावतो, म्हणजे कौल मागतो. घर बांधायचं, विहीर खणायची, मूर्ती हलवायची, तर पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची याची वाट बघत तासतासभर हात जोडून उभे राहतो. उजवी पडली नाही तर महिनाभर थांबतो. जी देवी आपली आहे, कुलाची आहे, तिलाही आपण गृहीत धरत नाही. गाभाऱ्यात फोटो काढू नये अशी पाटी आपल्या बहुतेक मोठ्या देवळांत आहे आणि ती पर्यटकांइतकीच महाजनांनाही लागू असते. मी महाजन आहे, माझीच देवी, मी काढणारच, असं म्हणणारा मी अजून पाहिलेला नाही. दगडाच्या मूर्तीला जो मान, तो पंधरा वर्षांच्या नातीला का नको?

नातीचं मुद्दाम म्हटलं. या वादातला सगळ्यात गप्प भाग मुलींचा आहे. मिरामारला मैत्रिणींबरोबर अर्ध्या चड्डीत काढलेला फोटो आईच्या फोनवरून कौतुकाने ग्रुपवर जातो. खाली थोरले मामा लिहितात, छान, पण कपडे? तिसरा कुणी विचारतो, मागे उभा आहे तो मुलगा कोण? मुलगी दुसऱ्या दिवशी ग्रुप सोडते, आणि मग चर्चा सुरू होते की हल्लीच्या पिढीला नात्यांची कदर नाही. हे नवीन नाही. आमच्या आत्यांच्या वेळी 'स्थळाचा फोटो' असे. साडी नेसवून, स्टुडिओतल्या कुंडीवर हात ठेवायला लावून काढलेला. मध्यस्थ तो पाकिटात घालून म्हापशाला, मडगावला, कारवारला फिरवी. नकार आला तरी फोटो परत येईच असं नाही. कुणाकुणाच्या टेबलाच्या खणात आपण किती वर्षं पडून आहोत हे त्या मुलीला कधी कळत नसे. तेही खाजगी जाळंच होतं, पूर्णपणे आपल्या माणसांचं. त्यात बाहेरचा कुणी नव्हता म्हणून ते निर्मळ होतं असं एखादी आत्या म्हणेल का?

कायदा याबाबत काय म्हणतो, असं वाचनालयातल्या चर्चेत एकाने विचारलं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली वैयक्तिक डेटाचा कायदा आला. पण तो कायदा व्यक्तीने घरगुती किंवा वैयक्तिक कारणासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही, आणि मला ते योग्य वाटतं. चवथीच्या फोटोसाठी काकांना नोटीस यावी असं कुणालाच वाटणार नाही. युरोपच्या कायद्यातही घरगुती वापराला अशीच सूट आहे. तिथे २०२० मध्ये नेदरलँड्सच्या एका न्यायालयाने आजीला नातवंडांचे फोटो काढून टाकायला लावले. मुलीने, म्हणजे त्या मुलांच्या आईने, वारंवार सांगूनही ती ऐकत नव्हती. फोटो फेसबुकवर आणि पिंटरेस्टवर होते, कुणालाही दिसू शकतील असे, म्हणून न्यायालयाने सूट नाकारली. तेच फोटो बंद ग्रुपवर असते तर खटला बहुधा उभाच राहिला नसता. आणि मुलीचं दुखणं तेवढंच राहिलं असतं. कायदा सोप्याच्या पायरीपाशी थांबतो, तो आत येत नाही, येऊही नये. पण म्हणून आत काही नियमच नकोत असं होत नाही. उलट आतले नियम आपल्यालाच करावे लागतात.

काही जाणकार सुचवतात की ॲप बदला. खास कुटुंबासाठी केलेली, छोटी, जाहिराती नसलेली जाळी असतात, तिथे जा. मी या सल्ल्याला थोडा बिचकतो. पाथ नावाचं असंच एक जाळं २०१० साली निघालं, सुरुवातीला ५०च मित्रांची मर्यादा घालून. कल्पना सुंदर होती, २०१८ मध्ये ते बंद पडलं. गूगल प्लसवर आपली माणसं वेगवेगळ्या वर्तुळांत ठेवता येत, तेही २०१९ मध्ये गेलं. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं तेव्हा माझ्याच एका भावाचे लग्नाचे फोटो त्याच्याबरोबर गेले, कारण त्याने ते दुसरीकडे कुठे ठेवलेच नव्हते. लहान वर्तुळात पैसा नसतो, म्हणून ती दुकानं टिकत नाहीत. आणि टिकली तरी प्रश्न तोच: नव्या ॲपवर आईचा झग्यातला फोटो टाकणारा मीच ना?

विचारून टाका म्हणणं सोपं आहे, पाळणं अवघड, हे मला मान्य आहे. पंगतीतल्या ४० जणांना कोण विचारणार? गेलेल्या माणसाला कसं विचारणार? त्या पेटीतल्या १४ जणांना मी तरी कुठे विचारलं? तान्ह्या बाळाच्या वतीने आईबाप बोलतात, पण ते बाळ पंधरा वर्षांचं होऊन म्हणालं की तुम्ही मला साऱ्या कुळापासून लपवून का ठेवलंत, तर? याला माझ्याकडे नियम नाही. मला एवढंच दिसतं की पंगतीचा फोटो आणि खाटेवरच्या बाईचा फोटो यांतला फरक आपल्या प्रत्येकाला कळतो. सरसकट नियम मागणं ही बहुतेक वेळा ते कळतं हे नाकारायची पळवाट असते. मेलेल्यांच्या बाबतीत मी आपल्या परीने ठरवतो: ज्या फोटोसाठी ते स्वतः उभे राहिले होते, उसन्या कोटात का होईना, तो दाखवायला त्यांची हरकत नसावी. शेवटच्या आजारातले मी पुसून टाकले.

आकार मात्र आपल्या हातात आहे. १४३ जणांच्या ग्रुपवर जत्रेची तारीख, देवळाची वर्गणी, कुणाच्या निधनाची बातमी एवढं पुरे. (आणि हो, विक्रीखतं, आधार कार्डं, एक-चौदाचे जमिनीचे उतारे तिथे टाकणं कृपा करून थांबवा. मालक वारलेल्या किंवा परदेशी असलेल्या जमिनी खोट्या कागदांनी बळकावल्या जातात म्हणून २०२२ साली याच राज्यात विशेष तपास पथक नेमावं लागलं होतं. आपला एखादा दूरचा भाऊ चोर आहे असं मी म्हणत नाही. त्याचा फोन दुरुस्तीला कुठे जातो, एवढंच विचारतो.) फोटोंसाठी आम्ही भावंडांनी वेगळा ग्रुप केला, अकरा जणांचा. त्यात ज्याचा फोटो असेल तो 'काढ' म्हणाला की कारण न विचारता काढायचा. हे सुरुवातीला तिघांना लागलं. वर्षाअखेर त्यातले बारा-पंधरा फोटो छापून घेतो आणि पाठीमागे पेन्सिलने नावं लिहितो, बायकांची माहेरची धरून. बुरशी त्यांनाही धरेल. पण निदान बाह्या कुणाच्या हे पुढच्यांना शोधत बसावं लागणार नाही.

यंदाच्या चवथीला दुसऱ्या दिवशी, उत्तरपूजेच्या आधी, आईने स्वतःहून हाक मारली. नवी साडी, केसांत वळेसर. माटोळीखाली खुर्ची ठेवायला लावली. पहिला फोटो पाहून म्हणाली, डोळे मिटले आहेत. दुसऱ्यात कांगण्यांचा घोस डोक्यावर आला होता, जणू तिने मुकुटच घातला आहे. तिसऱ्यात ती छान हसली होती, तो तिला मुळीच आवडला नाही. चौथा तिने हातात घेऊन, चष्मा कपाळावर सारून, दोन बोटांनी मोठा करत सावकाश तपासला. मग फोन माझ्याकडे दिला. "हो धाड," ती म्हणाली. मी ग्रुप उघडला, तशी तिने मनगट धरलं. "त्या व्हडल्या ग्रुपार नाका."